कदम सरांचा एक पाय बाहेर

फ्रीजमध्ये उरल्यासुरल्याच्या वाट्या साठत जातात, तसेच किस्सेही साठतात. मुद्दाम कुणी साठवत नाही. एक दिवस दार उघडावं तर दूध ठेवायला जागा नसते. परवा आमच्याकडे जुनी टीम जमली होती. पोहे झाले, चहा झाला, आणि मग परत तेच सगळं सुरू झालं. नवरा म्हणाला, "वैशाली, हे एकदा लिहून टाक बाई. मला आता पाठ झालंय, झोपेतही बोलीन." म्हणून लिहितेय.

तर मी वैशाली. राहणार दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर. एका शाळेत खेळाची टीचर आहे, आणि माजी आंतरराष्ट्रीय रग्बी खेळाडू. हे शेवटचं ऐकलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या मागे बघतो, की खरी खेळाडू मागे उभी आहे की काय. मग विचारतो, "वो हेलमेट वाला ना?" नाही हो, ते अमेरिकेचं. आमच्यात हेल्मेट नसतं, सरळ डोकंच लावतात.

आमच्या घराण्याचं सांगायचं तर पूर्वज दख्खनेतून आले आणि दरबारात कारकुनी करू लागले. पिढ्यान् पिढ्या आमच्यात कुणी उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे दौत. त्या घरात मी जन्मले आणि दहावीपर्यंत दारात मावेनाशी झाले. बाबा मी शाळेत असतानाच गेले. आई सरकारी ऑफिसात नोकरी करायची आणि माझ्या मापाचे सलवार-कुर्ते शिवून घेताना टेलरशी भांडायची.

आणि मग आमच्या आयुष्यात कदम सर आले.

सर दौलतगंजात राहतात. त्यांचे पूर्वज दख्खनेतून आले ते तलवारी घेऊन. सर स्वतः फौजेत होते, तिथेच रग्बी शिकले आणि असे खेळले की इंडियाच्या टीममध्ये निवड झाली. सगळी गल्ली त्यांना 'इंडिया प्लेअर' म्हणते. सर मात्र दरवेळी दुरुस्ती करतात. सत्काराच्या स्टेजवरही शाल अंगावर असताना माइक हातात घेऊन म्हणतात, "निवड झाली होती. खेळलो नाही. बेंचवर बसून पाणी प्यायलो."

झालं असं होतं, की मॅचच्या अगदी शेवटी त्यांना उतरवायचं ठरलं. सर रेषेवर जाऊन उभे राहिले. पण बदली खेळाडू आत सोडायचा तर खेळ थांबावा लागतो, आणि खेळ काही थांबेना. थांबला तो मॅच संपल्याच्या शिट्टीनेच. पुढे खांदा निखळला आणि विषय संपला. रग्बीत मैदानात पाऊल टाकलं तरच तुम्ही देशाकडून खेळलात. रेषेपर्यंत गेलेल्याला कुणी विचारत नाही.

तेव्हापासून सरांची एकच इच्छा. ग्वाल्हेरचं कुणीतरी इंडियाची जर्सी घालून त्या रेषेच्या आत जावं. जिंका, हरा, त्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आत जा.

*

सरांनी मला शोधलं ते गणेशोत्सवात. मराठी मंडळींच्या गणपतीत बायकांची रस्सीखेच होती. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. मला सगळ्यात मागे उभं केलं आणि दोर कमरेला गुंडाळला. शिट्टी वाजली तेव्हा माझ्या पुढच्या सगळ्या काकू हसत हसत खाली बसल्या. मला ते दिसलंच नाही, कारण मी पाठ फिरवून चालायला लागले होते. पलीकडची अख्खी टीम, तिची कॅप्टन आणि तिने धरून ठेवलेला मांडवाचा खांब असं सगळं माझ्या मागोमाग आलं.

पंच होते कदम सर. त्यांनी टाळी वाजवली नाही की शाबास म्हटलं नाही. म्हैस विकत घेताना माणूस जसा तिच्याभोवती फिरतो, तसे माझ्याभोवती फिरले. मग आईजवळ जाऊन अतिशय आनंदाने म्हणाले, "वहिनी, मुलीची मान जाड आहे हो!"

आईचा चेहरा असा झाला की विचारू नका. लग्नाच्या बाजारात उद्या उभी राहायची मुलगी, आणि चारचौघांत हे! आई म्हणाली, "भाऊजी, असं बोलतात का कुठे?"

सर म्हणाले, "वहिनी, सरळ नाक, लांब केस कुणाचेही असतात. अशी मान शोधून सापडत नाही."

आईने मला हाताला धरून तडक घरी आणलं. रात्री मात्र तिने टेप काढून माझी मान मोजली. का मोजली, ते तिलाही सांगता आलं नाही.

*

पुढचा प्रश्न आईला खेळ समजावण्याचा. सर घरी आले. चिवड्याची बशी म्हणजे मैदान, काजू म्हणजे खेळाडू. सरांनी नियम सांगितला, की बॉल हातात घेऊन पुढे पळायचं, पण दुसऱ्याला द्यायचा तर फक्त मागे द्यायचा, पुढे फेकला की फाऊल.

आईने विचारलं, "म्हणजे स्वतः पुढे जायचं आणि हातातलं मागच्याच्या गळ्यात टाकायचं?"

"अगदी बरोबर!"

"मग यात शिकवायचं काय आहे? आमच्या ऑफिसात सगळे हेच करतात."

मी कुठे खेळणार, हेही आईला हवं होतं. सर म्हणाले, स्क्रममध्ये. दोन्हीकडची आठ-आठ माणसं खांदे भिडवून एकमेकांना रेटतात, त्यात मी पहिल्या ओळीत, प्रॉप म्हणून. प्रॉप म्हणजे टेकू. आईने दोन मिनिटं विचार केला आणि हो म्हणाली. नंतर मी विचारलं, की लगेच हो कशी म्हणालीस? तर म्हणाली, "तुझे बाबा गेल्यापासून या घराला टेकू मीच आहे ना. मला काय त्यातलं कळत नाही?"

आईचं मला नेहमी हे आवडतं. ती रडवते आणि लगेच चिवडा पुढे करते.

*

आता 'खाली'चा किस्सा. हा आमच्या टीमचा राष्ट्रीय किस्सा आहे.

आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोक म्हणजे जरा गमतीचेच. हिशोब हिंदीत, भांडण हिंदीत, देवापुढे मराठी, आणि खूप घाबरलो की परत मराठी. सरांचं तसंच. प्रॅक्टिस सगळी हिंदीत, पण मॅच हातातून जायला लागली की तोंडातून मराठी. टीममध्ये मराठी मुली तीन-चार, बाकी सगळ्या हिंदी. त्यांत आमची स्टार रजनी भदौरिया. भिंडची. विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने पळत सुटणारी. वाऱ्यासारखी पळायची आणि जीव ओतून खेळायची.

पहिली मोठी मॅच. समोरची एक दांडगी मुलगी बॉल घेऊन थेट रजनीच्या अंगावर आली. आता अशा वेळी वाकून पायात शिरायचं आणि तिला पाडायचं. सर रेषेवरून बेंबीच्या देठापासून ओरडले, "रजनी, खाली! खाली!"

रजनीने ऐकलं आणि ती दांडगी मुलगी सोडून दुसरीकडेच धावत सुटली! दांडगी आरामात चालत गेली आणि आमच्या टोकाला बॉल टेकवून पॉइंट घेऊन आली.

मॅचनंतर सर लाल झालेले. रजनी त्यांच्याहून लाल. म्हणाली, "सर, आपने ही तो बोला, खाली है! तो मैं खाली जगह भरने गई!"

सरांनी डोक्याला हात लावला. मराठीतलं खाली म्हणजे नीचे, आणि हिंदीतलं खाली म्हणजे रिकामं, हे त्या गडबडीत कोण लक्षात ठेवणार? त्या दिवसापासून ठराव झाला, की मैदानावर फक्त हिंदी. सरांनी आठवडाभर घरातही "नीचे, नीचे" म्हणून सराव केला. काकू, म्हणजे सरांची बायको, सांगायच्या, की ते झोपेत ओरडले आणि त्या दचकून पलंगाखाली बघून आल्या.

इकडे रजनीला वाईट वाटलेलं. आपल्यामुळे मॅच गेली. तिने माझ्याकडून गुपचूप मराठी शिकायला सुरुवात केली. सरांचा शब्द परत चुकायचा नाही, म्हणून.

पुढची मॅच. तीच वेळ, तशीच दांडगी मुलगी. सर ओरडले, "रजनी, नीचे!"

रजनी जागच्या जागी थांबली, सरांकडे वळली आणि म्हणाली, "सर, नीचे मतलब खाली ना?"

तोवर दांडगी मुलगी जाऊन, बॉल टेकवून, परतही आली होती.

*

टीमला जर्सी नव्हत्या. सर दाल बाजारात एका गुप्ताजींकडे गेले. गुप्ताजी डाळीचे व्यापारी, जुने, मोठे. रग्बी म्हणजे काय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण मुली खेळतात एवढं ऐकून ते लगेच हो म्हणाले. जर्सी देतो म्हणाले, वर महिन्याला डाळीचं पोतं देतो, लड़कियों को ताक़त आनी चाहिए. अट एकच होती. जर्सीवर जाहिरात.

जर्सी आल्या. पुढे छातीवर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत: 'असली तुअर दाल'. आणि पाठीवर: 'एक बार ज़रूर आज़माएँ'.

ते घालून आम्ही पंधरा जणी मैदानात उतरलो. काय सांगू! समोरच्या टीमचे लोक हसून हसून आडवे. मॅचभर प्रेक्षकांतून एकच ओरडा, की आज इनकी दाल नहीं गलेगी. पहिला अर्धा भाग आम्ही लाजेनेच हरत होतो. मध्यंतरात सर आले. आम्हाला वाटलं आता भाषण होणार. सरांनी फक्त विचारलं, की घरी डाळ कशी शिजते? आम्ही म्हटलं, कुकरमध्ये. ते म्हणाले, मग दाब द्या.

दुसऱ्या अर्ध्यात आम्ही स्क्रममध्ये असा दाब दिला की समोरच्या मुली मागे मागे पार त्यांच्या पाण्याच्या बाटल्यांपर्यंत गेल्या. जिंकलो! रेफरीने शेवटच्या तीन शिट्ट्या दिल्या आणि सर प्रेक्षकांकडे वळून हात जोडून म्हणाले, "तीन सीटी हो गई साहब, दाल गल गई."

गुप्ताजी आता नाहीत. त्यांचं पोतं मात्र मी इंडियाच्या कॅम्पला जाईपर्यंत दर महिन्याला येत होतं. माझे हे दंड आहेत ना, ते त्या माणसाच्या डाळीचे आहेत. मी हे सगळीकडे सांगते, इथेही सांगते.

*

लग्नाचं राहिलं. इंदूरचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, नाव अमित. बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी प्रॅक्टिसमध्ये माझ्या डोळ्यावर कोपर बसलं. सकाळी डोळा वांग्यासारखा. आईने पावडरचा अर्धा डबा संपवला. त्याने तो फक्त पांढऱ्या वांग्यासारखा झाला.

घरात मोठं माणूस हवं म्हणून आईने कदम सरांना बोलावलं होतं. पाहुणे बसले. मी पोहे घेऊन आले. मुलाच्या आईने बघितलं आणि काळजीने विचारलं, की डोळ्याला काय झालं? आणि आई आणि मी एकदमच बोललो.

आई म्हणाली, "मधमाशी."

मी म्हणाले, "कोपर."

पोह्यांतले शेंगदाणे चावल्याचा आवाज तेवढा येत होता. मग मुलाची आई हळूच म्हणाली, "बाई गं! मधमाशीचं कोपर?"

आणि ती जी हसायला लागली, ती थांबेचना. मी तिथेच ठरवलं, की मुलगा कसाही असो, सासू हीच करायची.

पण सर कुठे हसतात? ते उठले, अमितच्या मागे जाऊन उभे राहिले, त्याचे खांदे दाबून बघितले, पोटऱ्यांवर नजर टाकली आणि आईला सगळ्यांसमोर निकाल दिला, "वहिनी, विंगर आहे. पळून जाईल."

सरांचा माणसाबद्दलचा अंदाज त्या एकदाच चुकला. लग्न झालं, अमित ग्वाल्हेरला राहायला आला आणि कुठेही पळाला नाही. उलट मी कॅम्पला असायची तेव्हा आईची औषधं, गॅसचा सिलिंडर, सरांचा डोळ्याचा डॉक्टर, सगळं त्यानेच बघितलं. इंदूरचे पोहे ग्वाल्हेरपेक्षा चांगले असतात हे तो अजूनही म्हणतो, तेवढं मी सहन करते.

*

आता जरा गंभीर. सगळं काही हसण्यावारी नव्हतं.

इंडियाच्या कॅम्पला मला बोलावलं आणि पहिल्यांदा निवड झाली नाही. दुसऱ्यांदा बोलावलं. या वेळी होणार असं सगळेच म्हणत होते. कॅम्प संपत आला असताना स्क्रम कोसळला आणि माझा गुडघा खाली अडकला. लिगामेंट गेलं. ऑपरेशन झालं. मी घरी पलंगावर पडून छताकडे बघायची. वय वाढत होतं. माझ्या मागून आलेल्या मुली पुढे गेल्या होत्या.

सर रोज यायचे. येताना गजक, म्हणजे आमच्याकडची तीळ-गुळाची वडी, आणायचे, माझ्यासमोर बसायचे आणि स्वतःच खायचे. एक दिवस मी रडून म्हणाले, की सर, आता माझ्याच्याने होणार नाही, मला सोडा, दुसरी कुणीतरी बघा. सरांनी गजकचा तुकडा काडकन मोडला. मला वाटलं रागावले. मग म्हणाले, "वैशाली, त्या दिवशी मी रेषेवर उभा होतो ना, तेव्हा उत्साहाच्या भरात एक पाय उचलला होता. तेवढ्यात शिट्टी वाजली. तो पाय मी परत बाहेरच ठेवला. अजून बाहेरच आहे गं. तू आत गेलीस तर तोही जाईल."

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर आली, सरांच्या हातातली गजक काढून घेतली आणि म्हणाली, "शुगर आहे ना तुम्हाला? ही उभी राहील. तुम्ही आधी धड राहा."

मग पुढचं वर्षभर माझ्यासाठी लोकांनी काय काय केलं, ते सांगायलाच हवं. रजनी तोवर पोलिसात लागली होती. ड्यूटीला जायच्या आधी पहाटे स्कूटीवर घालून मला मैदानावर न्यायची. ग्वाल्हेरची थंडी, समोरचं काही दिसेना इतकं धुकं, आणि पुढे ही वर्दीत, मागे मी कुबड्या घेऊन. रस्त्यातले लोक समजायचे की पोलिसांनी कुणाला तरी पकडून नेलंय, आणि चांगलंच मारलंय. फिजिओच्या मॅडमनी रविवारीही दार उघडलं. सासूबाई इंदूरहून येऊन राहिल्या आणि रोज विचारायच्या, "मधमाशी, आज किती चाललीस?" एकट्याने कुणी खेळाडू होत नाही. आमच्या खेळात तर उभंही राहता येत नाही, दोन्हीकडून कुणीतरी धरलेलं असावं लागतं.

तिसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा मी त्या कॅम्पमधली सगळ्यात म्हातारी होते. पोरी मला मौसी म्हणायच्या. निवड झाली. बदली खेळाडू म्हणून. म्हणजे बेंचवर.

सरांना फोन केला. त्यांनी अभिनंदन केलं, आनंद झाला म्हणाले, आणि मग आवाज बारीक करून म्हणाले, "बेंचवर पाणी जास्त पिऊ नकोस."

*

आणि हा शेवटचा. हा मी स्वतः बघितलेला नाही, कारण मी मैदानावर होते. पण आई, अमित आणि रजनी या तिघांनी वेगवेगळा सांगितलाय आणि तिघांचंही एकच आहे. म्हणजे खरा असणार.

मॅच परदेशात होती. देशाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की आमचे लोक रग्बीचं सोडून तिथल्या मॉलचंच विचारतात. टीव्हीवर मॅच नव्हती, इंटरनेटवर होती. अमितने आमच्या घरी लॅपटॉप टीव्हीला जोडला. आई, सासूबाई, रजनी, शेजारपाजारचे, आणि समोरच्या खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घालून कदम सर. काकूंनी पेढ्यांचा बॉक्स आणला होता. सरांनी तो उघडू दिला नाही. म्हणाले, आधी आत जाऊ दे.

पहिला भाग गेला, मी बेंचवर. दुसरा भाग अर्धा गेला, मी बेंचवर. टीव्हीवर अधूनमधून मी दिसायची, की रजनी ओरडायची, "वो रही!" सर पाण्याची बाटली शोधायचे माझ्या हातात. बाटली नव्हती. मी खरंच प्यायले नव्हते.

मॅच संपायला थोडा वेळ उरला आणि आमच्या प्रॉपचा खांदा दुखावला. मला उठवलं. मी जॅकेट काढलं, रेषेवर जाऊन उभी राहिले. घरात सगळे उभे राहिले. सरही उठले. मी आत जायला एक पाय उचलला.

आणि नेट गेलं!

गेलं म्हणजे चित्र तसंच राहिलं. टीव्हीभर मी. एक पाय जमिनीवर, एक पाय हवेत, समोर ती पांढरी रेषा, आणि माझ्या तोंडावर गोल गोल फिरणारं ते चक्र.

अमितने वायफाय बंद-चालू केलं, मोबाईलचं नेट जोडलं, शेजाऱ्यांचं जोडलं. रजनीने कंपनीला फोन लावून पोलिसी आवाजात दम दिला. काही नाही. माझा पाय हवेतच. सगळे एकेक करून बसले. सर बसले नाहीत. टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि त्या पायाकडे बघत उभे राहिले. आई म्हणाली, "भाऊजी, बसा हो. गुडघे दुखतील."

सर म्हणाले, "ती आत जाईपर्यंत मी बसणार नाही."

मॅचची वेळ टळून गेली तरी सर उभेच. काकूंनी खुर्ची ढकलत ढकलत अगदी मागे आणून ठेवली. हात लावला तर सरांनी झटकला.

शेवटी सरांचा फोन वाजला. मी होते. डॉक्टरांच्या खोलीतून बोलत होते, दोन्ही नाकपुड्यांत कापूस. सरांनी फोन स्पीकरवर टाकला. स्कोअर त्यांनी विचारला नाही. आजवर विचारलेला नाही. त्यांनी विचारलं, "आत गेलीस का?"

मी म्हणाले, "सर, दाक फुटलं."

"काय? डाक? कसली डाक?"

"डाक दाही सर! दाक! दाक फुटलं बाझं! पहिल्याच स्क्रबबध्ये!"

सर तसेच उभे. फोन हातात, तोंड उघडं. मग एकदम आईकडे वळले आणि दर्पण कॉलनीच्या पार टोकापर्यंत ऐकू जाईल असे ओरडले, "वहिनी! मुलीचं नाक फुटलं! पेढे वाटा!"

सगळे आईकडे बघायला लागले. आई उठली. तिने सरांच्या हातातून फोन घेतला आणि मला विचारलं, "रेषेच्या आत फुटलं ना गं?"

"हो आई. चांगलं आत."

आईने बॉक्स उघडला, पहिला पेढा सरांच्या हातावर ठेवला, आणि शुगरचं नावही काढलं नाही. मग कुठे सर बसले.